वीस मिनिटांचं मौन

३ फेब्रुवारी, रविवार

ती. वन्संना,

वाकून नमस्कार. वाकून म्हणजे कागदावरच, माझ्या गुडघ्यांचं तुम्हाला माहीत आहे. इकडे सगळे बरे आहेत. तुमचे पाय अजून सुजतात का, ती पांढरी गोळी घेता की पुन्हा डबीत साठवता, हे सगळं फोनवर विचारणार होते. पण तुमचा फोन वाजतो नि वाजतो, उचलत कुणी नाही. तीन आठवडे झाले. बिघडला असेल. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं.

आधी आनंदाची बातमी. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांचं. जो बरा समजत होते तोही बरा नव्हता म्हणे. वन्सं, काय सांगू तुम्हाला. पट्टी काढली तर पहिलं काय दिसलं, नर्सच्या मनगटावरचं घड्याळ. काट्यांसकट. मी तिला म्हटलं, बाई, पाच मिनिटं मागे आहे तुझं. घरी आले तर नातीच्या हनुवटीवर तीळ, कधी उगवला कोण जाणे. स्वयंपाकघरात ओट्यामागच्या फरशीवर तेलाचे डाग दिसले. ते सुनेला सांगायचे नाहीत असं ठरवलं आणि अर्ध्या तासात सांगितले. ती म्हणाली, आई, तुमचे डोळे होते तेच बरे होते. मग दोघी हसलो. चांगली आहे ती. मीच जरा अशी आहे.

घरात बसून कंटाळा येतो. एकतीस वर्षं लॉन्ड्रीत इस्त्री केलेली बाई, हाताला काम नसलं की हात आपोआप टेबलक्लॉथ सरळ करत राहतात. परवा नात म्हणाली, आजी, तो आता कापडाचा राहिलाय की कागदाचा झालाय?

आपली सकाळची फोनवरची प्रार्थना चालू आहे. सगळ्या बायका तुमची चौकशी करतात. मी सांगते, आमच्या वन्संना बरं नाही. खोटं बोलायला नको वाटतं, पण दुसरं काय सांगू? तुम्हीच सुरू केलेलं हे सगळं. ग्रंथालयामागच्या खोलीत पाच बायका, पाच खुर्च्या आणि एक करकरणारा पंखा. मग एकेकीला जिने चढवेनात, तेव्हा नातीने ते फोनवर बसवून दिलं. सकाळी सहाला सगळ्या फोनवर येतात, आपापल्या घरी, आपापल्या खुर्चीत. आधी मी चार ओळी म्हणायच्या, मग वीस मिनिटं मौन, मग मी शेवटच्या चार ओळी म्हणायच्या. सगळ्यांचे आवाज नात बंद करून ठेवते, माझा तेवढा चालू, कारण सुरुवात आणि शेवट माझ्याकडे. हा मान तुम्ही मला दिलात. तुम्ही म्हणालात, तू म्हण, माझ्या घशाला आता जमत नाही. मी किती मिरवले होते. भाजीवाल्यालासुद्धा सांगितलं.

त्या रविवारी काय झालं ते मी लिहीत नाही. काही झालं असं मला वाटत नाही, तुम्हालाही वाटत नसेल. फोन दुरुस्त करून घ्या.

तुमची लाडकी,
टकळी

(हे नाव तुम्हीच ठेवलंत, मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात. तोंडाची टकळी थांबतच नाही म्हणून. आता मला त्या नावाने हाक मारणारं तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही.)


१२ फेब्रुवारी, मंगळवार

ती. वन्सं,

नमस्कार.

काल मी तुमच्या शेजारच्या शिवणवालीला फोन केला. तिने घुटमळत घुटमळत सांगितलं की तुमचा फोन उत्तम आहे. माझं नाव दिसलं की तुम्ही तो उशीखाली सरकवता. ती बिचारी माझ्यापेक्षा जास्त ओशाळली. मग आम्ही दोघी थोडा वेळ तिच्या मशीनच्या पट्ट्याबद्दल बोललो.

तेव्हा बरं, लिहिते. फोन बिघडला असं म्हणून किती दिवस काढणार?

मला पुटपुटायची सवय आहे. तुम्हाला वाटत असेल म्हातारपणाची, पण ती लॉन्ड्रीची आहे. तिथे मोठी यंत्रं दिवसभर घरघरायची, शेजारी उभ्या बाईचं बोलणं कानावर यायचं नाही. मग आम्ही प्रत्येकजण आपापल्याशी बोलायचो, मोठ्याने, बिनधास्त. कुणी नवऱ्याला शिव्या द्यायची, कुणी गाणी म्हणायची. मी सासूबाईंना उत्तरं द्यायची. घरी जी तोंडात अडकलेली असायची ती सगळी तिथे चादरींवर ओतायची. एकतीस वर्षांत कुणालाही एक शब्द ऐकू गेला नाही. मनात बोलणं आणि तोंडाने बोलणं यातला फरकच मोडून गेला वन्सं. आता डोळे मिटले की तोंड चालू होतं, आणि मला वाटतं मी गप्प आहे.

त्यात माझं लक्ष लागत नाही, हे तर तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक. इस्त्री हातात असताना मन कधी इकडचं तिकडे झालं नाही. झालं तर शर्ट जळतो. देवाच्या बाबतीत मन हललं तर काही जळत नाही, धूरही निघत नाही, म्हणून ते हलतं. त्या खोलीत तुम्ही शिकवायचात, मन पळालं तर रागवू नकोस, लहान पोराला बोटाला धरून आणतात तसं परत आण. मी आणायची. पण आणता आणता वाटेत दहा जण भेटायचे आणि गप्पा व्हायच्या.

तर फोनवर, त्या वीस मिनिटांत, मी पुटपुटत होते आणि सगळ्यांना ऐकू जात होतं. सगळ्या गप्प, आणि त्या शांततेत माझा एकटीचा आवाज. देवा तुझ्याकडेच लक्ष आहे, पण दूध गॅसवर ठेवलंय, दोन मिनिटं तूच बघ. वरच्या मजल्यावरची पुन्हा खुर्ची ओढतेय, हिला एवढ्या पहाटे खुर्ची कशाला लागते, बसते तर कधी दिसत नाही. असलं सगळं.

आणि त्या रविवारी तुमचं आलं. तुम्ही ऐकलंच आहे, पण माझ्या हाताने लिहायला हवं, म्हणून लिहिते. मी म्हणाले, आमच्या वन्सं काही देवाचं नाव घेत नाहीत, डोळे मिटून पाढे म्हणतात. एकोणतिसाचा पाढा. एकोणतीस सत्तेपाशी अडल्या की चेहरा असा होतो, बायकांना वाटतं समाधी लागली.

एवढं म्हणून मी आपली पुढे दुधाकडे वळले. शेवटच्या ओळी म्हणायला डोळे उघडले तेव्हा तुमचं नाव फोनवरून गेलेलं होतं.

मला माहीत नव्हतं हो, फोन चालू असतो ते. नातीने मला नंतर सांगितलं. मला माहीत असतं तर जीभ हासडून ठेवली असती.

हे तुम्ही मला गच्चीवर सांगितलं होतंत, कपडे वाळत घालताना. भावोजी दवाखान्यात होते तेव्हा तुम्ही एक्केचाळीस दिवस बसलात. एकदाही मन हललं नाही, म्हणालात, दिव्याच्या ज्योतीसारखं उभं होतं. आणि तरी ते गेले. तेव्हापासून डोळे मिटले की देवाचं नाव येत नाही, तो दवाखान्याचा लांब बोळ येतो आणि त्याच्या टोकाची ढकलगाडी. तो बोळ येऊ नये म्हणून तुम्ही पाढे म्हणता, शाळेत पोरांकडून म्हणून घ्यायचात तसे, अवघड अवघड, म्हणजे मन गुंतून राहील. आणि बायकांना आधार वाटतो म्हणून बसणं सोडत नाही. एवढं सांगून तुम्ही चिमटा लावलात आणि म्हणालात, हे कुणाला बोलू नकोस. दुसऱ्या कुणाला तुम्ही सांगितलं नव्हतंत.

मी चुकले. नकळत चुकले. एक फोन उचला.

तुमची,
टकळी


२१ फेब्रुवारी, गुरुवार

वन्सं,

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. ते टाकलं त्या दिवसापासून घास उतरत नाही. सून म्हणते डॉक्टरांकडे चला. डॉक्टर काय करणार.

मला माहीत होतं.

नातीने मला आधीच सांगितलं होतं. त्या रविवारच्या अकरा दिवस आधी. ती कॉलेजला निघाली होती, दारात चपला घालता घालता म्हणाली, आजी, तू मौनात जे बोलतेस ते सगळ्यांना ऐकू जातं. मी तुझा आवाज मधल्या वेळात बंद करत जाऊ का?  मी विचारलं, रागावल्यात का गं सगळ्या? ती म्हणाली, रागावतायत कसल्या, औषधाच्या दुकानवाल्या बाई म्हणाल्या, तुझ्या आजीमुळे आमची सकाळ बरी जाते. त्यांनी आपल्या दोन बहिणींना पण जोडून घेतलंय.

आणि वन्सं, मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती ना? मला इतका आनंद झाला की मी आरशात जाऊन पाहिलं. लॉन्ड्रीत एकतीस वर्षं बोलले, कुणी ऐकलं नाही. तुमचे भाऊ भले माणूस, पण मी बोलायला लागले की रेडिओचा आवाज वाढवायचे. मुलगा हो हो म्हणतो आणि फोनमध्ये बघतो. आणि इथे वीस-बावीस बायका पहाटे उठून, तोंड धुऊन, माझं ऐकायला बसतात. मी नातीला म्हटलं, राहू दे, बंद नको करूस. आणि कुणाला सांगू नकोस की मला कळलंय. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला ते आवडलं नाही, मला तेव्हाच कळलं. पण बसची वेळ झाली होती.

पुढचे अकरा दिवस मी प्रार्थना केली नाही. मी तयारी केली. दुपारी भांडी घासताना ठरवायची, उद्या काय पुटपुटायचं. वरच्या मजल्यावरची खुर्ची दोनदा झाली, आता सुनेचं घोरणं घ्यावं, मग दंतवैद्याची कवळी. डोळे मिटायचे, चेहरा शांत करायचा आणि नकळत बोलल्यासारखं बोलायचं. मध्ये थांबायचं सुद्धा, तिकडे हसून व्हावं म्हणून. बावीसच्या सदतीस झाल्या. पूर्वी माझं मन पळायचं, पण ते पळालं हे मला कळायचं तरी, आणि मी त्याला ओढून आणायची. त्या अकरा दिवसांत मन कुठेच पळालं नाही, इतकं ते जागेवर होतं. सगळं त्या बायकांकडे लागलेलं. देव मध्ये कुठे नव्हताच.

त्या रविवारी माझ्याकडे काही उरलं नव्हतं. आदल्या दुपारी घरात पाहुणे होते, काही ठरवायला जमलं नाही. पाच मिनिटं तशीच गेली. मला वाटायला लागलं, आता एकेक करून जातील. तुम्हाला सांगते, लॉन्ड्रीत शर्ट जळायच्या आधी एक वास येतो, अगदी बारीक. त्या वेळेला हात उचलला तर शर्ट वाचतो. मला तो वास आला. तुमचं वाक्य तोंडाशी आलं तेव्हा मला स्पष्ट कळलं की हे बोलायचं नाही. आणि मी हात उचलला नाही.

तुम्ही ऐकताय हे मला माहीत होतं का? नावांची यादी फोनवर दिसते. तुमचं सगळ्यात वर होतं. फोन डोळ्यांशी नेऊन मी वाचलं होतं.

आता आणखी एक लिहिते. यानंतर लिहायला काही उरत नाही. गच्चीवर तुम्ही ते सांगितलंत तेव्हा मी तुमचा हात धरला, रडलेही. पण आत कुठेतरी मला बरं वाटलं होतं. इतकी वर्षं तुम्ही खांबासारख्या बसायचात आणि मी शेजारी चुळबुळायची, आणि सगळ्या तुमच्याकडे बघायच्या. मला वाटलं, चला, यांचंही लागत नाही. तुमच्या दुःखाचं मला तेवढंच दिसलं. ते जर त्याच दिवशी मी स्वतःला कबूल केलं असतं, तर त्या रविवारी ते माझ्या तोंडातून असं हसत बाहेर आलं नसतं.

काल सकाळी मी बायकांना सांगितलं. चार ओळी म्हणायच्या आधीच. नातीला म्हटलं, सगळ्यांचे आवाज चालू कर, मला बोलायचंय आणि त्यांनाही बोलता यायला हवं. मग सांगितलं, मला अकरा दिवस आधी कळलं होतं, मी मुद्दाम बोलत होते, आणि वन्संचं जे बोलले तेही मुद्दाम बोलले. पाढे का म्हणता ते मात्र सांगितलं नाही. ते तुमचं आहे.

 सदतीस घरांतले आवाज ऐकू येत होते, कुठे नळ, कुठे पक्षी, कुठे कुणाचा नवरा खोकत होता. मग औषधाच्या दुकानवाल्या बाई म्हणाल्या, "मी हसले होते त्या दिवशी. माझ्या जावेला पण सांगून हसवलं." एवढंच. नंतर पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई, त्या कमी बोलतात, त्या म्हणाल्या, "त्यांना आम्ही सगळ्यांनीच घालवलं." आणि मग त्यांनीच चार ओळी म्हटल्या. आता सुरुवात-शेवट त्या करतील, असं मी सांगितलं. माझाही आवाज इतरांसारखा बंद.

नात नंतर माझ्याजवळ येऊन बसली. मी म्हटलं, तू मला त्या दिवशी दारात अडवायला हवं होतंस. ती म्हणाली, "आजी, तू इतकी खूश होतीस." मला तिच्याकडे बघवेना. पोरीने माझ्या आनंदापायी तोंड मिटून ठेवलं, आणि मला माझ्या आनंदापायी ते मिटता आलं नाही.

आज मी एकटी बसले, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. ऐकणारं कुणी नाही म्हटल्यावर तोंड आपोआप मिटलं. वीस मिनिटं बसले आणि मन एकदाही हललं नाही, वन्सं. इतकी वर्षं जे जमलं नाही ते आज जमलं. डोळ्यांसमोर एकच. तुम्ही फोन कानाला लावून बसल्या आहात, खिडकीजवळच्या त्या वेताच्या खुर्चीत, आणि माझा आवाज ऐकताय. सुरुवातीला तुम्ही हसताय, कारण तुम्हालाही माझं पुटपुटणं आवडत होतं, शिवणवालीने सांगितलं मला. आणि मग हसू तसंच राहतं आणि डोळे बदलतात. एवढंच वीस मिनिटं. देवाचं नाव घ्यायला गेले तर तेही त्या चेहऱ्यापलीकडे जाईना. देवाला मी काय म्हणणार, मला क्षमा कर? त्याचं मी काही सांगितलं नव्हतं कुणाला.

क्षमा मागायला हे पत्र नाही. मागितली तर तुम्ही द्याल, तुमचा स्वभाव मला माहीत आहे, आणि मग तुम्हाला आणखी एक गोष्ट मनाविरुद्ध करावी लागेल.

पुढच्या शनिवारी सकाळी दहाच्या बसने मी येते. मुलगा म्हणतो मी सोडतो, मी नको म्हटलं. बरोबर काही आणत नाही. तुमच्याकडे पुन्हा त्या बायकांत या असं म्हणायला येत नाही. तुम्ही खुर्चीत बसाल तेव्हा मला खाली बाजूला बसू द्या, एवढंच. तुम्ही मनात काय म्हणता ते मी विचारणार नाही. बोळ आला आणि तुम्हाला उठावंसं वाटलं तर उठा, मी कुठे चाललात म्हणणार नाही. मला काही बोलायचं नाही, आणि हे मी पहिल्यांदा खरं लिहितेय.

घंटा एकदाच वाजवीन. दार उघडलं नाहीत तर पायरीवर थोडी बसेन, दुपारच्या बसची वेळ होईपर्यंत, आणि परत जाईन. शिवणवालीकडे जाणार नाही, तुमच्या दाराशी बसले होते हे कुणाला कळायचं नाही.

दाराबाहेर असेन,
तुमची भावजय